बातमीत ‘पेटंट मिळालं’ छापण्याआधी अर्जाचा नंबर विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात, आणि खरं तर सगळ्याच मराठी पेपरात, दर आठ-पंधरा दिवसांनी एक बातमी असतेच. अमुक गावच्या तरुणाने भंगारातून यंत्र बनवलं, नाहीतर तमुक कॉलेजच्या प्राध्यापकांना भारत सरकारचं पेटंट, सोबत फोटो, हातात फ्रेम केलेला कागद, बाजूला प्राचार्य आणि संस्थेचे चेअरमन. वाचून बरं वाटतं, नाही असं नाही. पण माझी सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत टूलरूम आणि ड्रॉइंग ऑफिसात गेली, आता छोट्या गाळेवाल्यांना मशीनची ड्रॉइंगं काढून देतो, त्यामुळे अशी बातमी दिसली की मी आधी एकच शोधतो, की बाबा नक्की मिळालंय काय? आणि बऱ्याच वेळा बातमी नीट वाचली तर तिच्यातच दिसतं की पेटंट अजून मिळालेलंच नाही.

म्हणजे कसं, ऑनलाइन अर्ज भरला फी भरली की त्याच दिवशी एक नंबर मिळतो. तो अर्जाचा नंबर, बाकी काही नाही. मग अठरा महिने झाले की तो अर्ज पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये आपोआप प्रकाशित होतो, कुणी तपासलेला नसतो, फक्त जगाला दाखवलेला असतो. घाई असेल तर फॉर्म ९ भरायचा, जादा फी द्यायची, महिन्याभरात छापून येतो. हल्ली ‘पेटंट पब्लिश झालं’ म्हणून जे पेढे वाटतात ते ह्याचे. खरी तपासणी व्हायला वेगळा अर्ज करावा लागतो, २०२४ पासून त्याला ३१ महिन्यांची मुदत आहे, त्यानंतर एक्झामिनर जुनी पेटंटं काढून दाखवतो की हे तर आधीच आहे, ह्यात नवीन काय ते सांगा. उत्तर द्यायचं, क्लेम (म्हणजे ‘ह्यातलं एवढं माझं’ असे अर्जात लिहिलेले दावे) कमी करायचे, परत उत्तर द्यायचं. त्यातून जे वाचेल ते पेटंट. मुदत वीस वर्षं, तीही अर्जाच्या तारखेपासून मोजायची, मंजुरीच्या नाही.

दुसरी गंमत डिझाइनची. ‘डिझाइन पेटंट’ असा शब्द बातम्यांत सर्रास येतो. आपल्याकडे तसं पेटंट नाही, डिझाइन रजिस्ट्रेशन आहे, २००० च्या कायद्याखाली, दहा वर्षं आणि वाढवून पाच. ते फक्त वस्तू दिसते कशी ह्याचं. मशीन चालतं कसं ह्याच्याशी त्याचा काही संबंध नाही, उलट निव्वळ यांत्रिक जुगत असेल तर ती डिझाइनमध्ये धरायचीच नाही असं त्या कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय. तरी ‘नांगरणी यंत्राला पेटंट’ म्हणून जी बातमी येते ती नंबर बघितला तर कित्येकदा डिझाइनची निघते. त्यातही ब्रिटनमधलं डिझाइन रजिस्ट्रेशन असेल तर विचारूच नका, तिकडे ते नवीन आहे की नाही हे तपासतच नाहीत, फी भरा आणि नोंद करा. एका चित्रावर सात-आठ जणांची नावं असतात, सगळ्यांना प्रमोशनला पॉइंट, कॉलेजला रँकिंगला आकडा. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना फीत ऐंशी टक्के सवलत आहे, चांगल्या हेतूने दिली होती, तिचा असा वापर होतोय. सगळेच असे नसतात हे मान्य. काही मास्तर खरंच रात्री उशिरापर्यंत वर्कशॉपमध्ये हात काळे करतात, पण त्यांचा फोटो ह्या गर्दीत दिसत नाही.

बरं प्राध्यापकांचं राहू द्या, त्यांचं फार नुकसान होत नाही. मला पत्र लिहायला लावलं ते दुसऱ्या बातमीने, म्हणजे भंगारातून यंत्रवाल्या. कारण तिथे बातमीच त्या पोराचा गळा कापते आणि हे ना त्याला माहीत असतं ना आपल्या वार्ताहराला.

आमच्या ओळखीतला एक फॅब्रिकेशनवाला, शिरूरकडचा. त्याने कांदा प्रतवारीचं मशीन केलं होतं. आता कांदा ग्रेडर काही नवा नाही, फिरत्या रॉडमधल्या फटीतून लहान कांदा खाली पडतो, मोठा पुढे जातो, गावोगाव आहेत. ह्याची करामत वेगळी होती, सगळ्या रॉडमधली फट एका हँडलने एकसारखी कमीजास्त व्हायची, आत कैचीसारखी लिंक बसवली होती, आणि माती अडकून लिंक जाम होऊ नये म्हणून पिना अशा बाजूला घेतल्या होत्या की वरून धूळ पडली तरी बुशात, म्हणजे पिन जिच्यात फिरते त्या नळीत, जात नव्हती. साधं वाटतं ऐकायला, करून बघा मग कळेल. कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला, लोक मोबाईल घेऊन आत वाकून वाकून व्हिडिओ काढत होते, काहींनी तर टेप लावून मापं घेतली, हा आपला खुशीत सगळ्यांना हँडल फिरवून दाखवतोय. मग स्थानिक पेपरात बातमी, लिंकचा क्लोजअप फोटो सकट. पुढच्या सीझनला तेच मशीन दुसऱ्या दोन-तीन ठिकाणी विकायला उभं. तेव्हा हा माझ्याकडे आला, म्हणाला काका आता पेटंट घेऊ. आता काय घेणार? उघड झालेल्या गोष्टीला पेटंट नसतं, आणि उघड कुणी केली तर ह्यानेच. कायद्यात थोडी सूट आहे, पण ती केंद्र सरकारने गॅझेटमध्ये नाव जाहीर केलेल्या प्रदर्शनासाठी आणि तिथे दाखवल्यापासून बारा महिन्यांच्या आत अर्ज केला तर. तालुक्याच्या मैदानावरच्या प्रदर्शनाला कोण गॅझेट काढतंय. शेतीची मशीनं बंद खोलीत चालवून बघता येत नाहीत, म्हणून उघड्यावर गरजेपुरती ट्रायल घ्यायलाही एक वर्षाची सवलत आहे, तीही अटी घालून. यूट्यूबवर टाकणं ही ट्रायल नव्हे.

औषधाचा फॉर्म्युला किंवा रंगाचं केमिकल काही दिवस तरी लपून राहतं. मेकॅनिकल माणसाचं तसं नाही, त्याचा शोध बारा-तेराच्या पान्याने उघडतो. मशीन विकलं त्या दिवशी सगळं गुपित गिऱ्हाईकाच्या अंगणात जाऊन बसलं. म्हणून यंत्रवाल्याला पेटंटची गरज जास्त, आणि नेमका तोच त्यापासून सगळ्यात लांब. आपल्याकडचा पहिला अर्ज खरं तर मेकॅनिकलच होता, ३ मार्च १८५६ ला कलकत्त्यात जॉर्ज डीपेनिंग ह्या साहेबाने पंखा ओढायच्या यंत्रासाठी केला होता.

छापून आलेला कागद काय करू शकतो ह्याचं जगातलं मोठं उदाहरण म्हणजे ऑटो. निकोलाउस ऑटो, जर्मन, १८७६ ला फोर स्ट्रोक इंजिन चालवून दाखवलं, आज आपल्या दारात उभ्या असलेल्या बहुतेक मोटारसायकली त्याच तत्त्वावर. त्याच्या हातात पेटंट होतं, कंपनी जोरात होती. मग प्रतिस्पर्ध्यांनी एक जुनं पत्रक शोधून काढलं, बो द रोशा नावाच्या फ्रेंच इंजिनीअरने १८६२ ला हेच चार स्ट्रोक कागदावर लिहून ठेवले होते. त्या माणसाने इंजिन बनवलं नव्हतं, पत्रक फारसं कुणी वाचलंही नव्हतं. तरी १८८६ ला जर्मन कोर्टाने ऑटोच्या पेटंटचा मुख्य भाग रद्द केला. तिथे दुसऱ्याचा कागद होता, आपल्या पोरांच्या बाबतीत स्वतःचीच बातमी असते, एवढाच फरक. आपला पेपर तर लाखो लोक वाचतात आणि वर ई-पेपरला तारीख असते, एक्झामिनरला शोधायलाही लागत नाही.

आता कुणी म्हणेल पेटंट असलं तरी काय मोठं होतं. तर त्यासाठी पुण्याचीच केस बघा, बजाज आणि टीव्हीएसची. पल्सर डीटीएस-आय २००३ ला आली तेव्हा आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये पोरं टाकीवर हात ठेवून दोन प्लगची चर्चा करायची. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग ही काही बजाजने जगात पहिल्यांदा केलेली गोष्ट नव्हे, विमानाच्या इंजिनात होतं, अल्फा रोमिओच्या मोटारींत होतं. बजाजचा दावा नेमका होता, लहान बोअरच्या, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ४५ ते ७० मिलिमीटर असलेल्या इंजिनात, समोरासमोर दोन प्लग बसवून पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेलं, मिश्रण नीट जाळायचं. आणि सिलिंडरच्या लहान हेडमध्ये दुसरा प्लग बसवायचा म्हणजे जागेची मारामारी, एका बाजूला व्हॉल्व्ह चालवणारी कॅम चेन, तिथे तेल उडतं, म्हणून त्या प्लगला स्लीव्ह, म्हणजे भोवती नळी, घालून तेलापासून वेगळा केला. हे असं असतं बघा, मोठी कल्पना आधीची असते आणि शोध त्या स्लीव्हमध्ये असतो.

अर्ज जुलै २००२ चा, पेटंट मंजूर जुलै २००५ ला, नंबर १९५९०४. २००७ ला टीव्हीएसने १२५ सीसीची फ्लेम आणली, तिलाही दोन प्लग. बजाजने मद्रास हायकोर्टात दावा लावला, टीव्हीएसने उलट पेटंटच रद्द करा म्हणून अर्ज केला. त्यांचं म्हणणं आमच्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह आहेत, ते ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या तंत्रावर आहे, आणि दोन प्लग तर होंडाच्या जुन्या अमेरिकन पेटंटमध्येही आहेत. फेब्रुवारी २००८ ला एका न्यायमूर्तींनी बजाजच्या बाजूने, दोन प्लगची फ्लेम विकायला मनाई दिली, टीव्हीएसने मधल्या काळात फ्लेम एकाच प्लगवर विकली, मे २००९ ला दोन न्यायमूर्तींच्या बेंचने मनाई उठवली, सप्टेंबर २००९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टीव्हीएसने गाड्या विकाव्यात पण प्रत्येक गाडीचा हिशोब ठेवावा, त्यासाठी रिसीव्हर म्हणजे कोर्टाचा माणूस नेमला, आणि असले दावे रोजच्या रोज चालवून साधारण चार महिन्यांत संपवा असं सगळ्या कोर्टांना बजावलं. चार महिने! ह्या दोघांचं भांडण मिटलं २०१९ ला, तेही आपसात. तोपर्यंत पेटंटची जेमतेम तीन वर्षं उरली होती. फ्लेम तर रस्त्यावरून कधीच गेली होती.

ह्यातून लोक असं काढतात की मग एवढं करून उपयोग काय. मला उलट वाटतं. हे दोन हत्ती होते, वकिलांची फौज दोघांकडे, म्हणून बारा वर्षं चाललं. एरवी छोट्या धंद्यात पेटंटचा नंबर मशीनच्या प्लेटवर पंच केलेला असला आणि शेजारच्या तालुक्यातल्या कॉपीवाल्याला एक रीतसर नोटीस गेली की बरेच जण बाजूला होतात, निदान डीलर तरी विचार करतो. कोर्टात जायची वेळ दर वेळी येते असं नाही.

पण खरी अडचण पुढे आहे, आणि ती समजायला मिर्झापूरची केस वाचावी. पितळी भांडी लेथवर घासून चकचकीत करायचा धंदा, जुन्या पद्धतीत भांडं नीट पकडलं जायचं नाही, फिरता फिरता उडून कारागिराला लागायचं. एका फर्मने टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या मागच्या टोकाच्या बाजूने प्रेशर स्पिंडलने (दाब देणाऱ्या दांड्याने) भांडं दाबून धरायची व्यवस्था केली आणि १९५१ ला पेटंट घेतलं. दुसऱ्या फर्मने तसंच केलं, दावा झाला, अलाहाबाद हायकोर्टात एकदा असा एकदा तसा निकाल लागला, आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १९७८ ला. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, आजही पेटंटवाले वकील हिचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. कोर्ट म्हणालं की हा शोध नाही, लेथवर अशी पकड लोकांना कित्येक वर्षं माहीत आहे, भांड्याला लावली एवढंच, हे ‘वर्कशॉप इम्प्रूव्हमेंट’, चांगल्या कारागिराला सहज सुचेल असं. पेटंट रद्द.

कायद्याने बरोबरच आहे, मी काही सुप्रीम कोर्टाला शिकवत नाही. उद्या कुणी नटाला वॉशर लावून वीस वर्षांची मक्तेदारी मागेल. पण टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून आत कुठेतरी लागतं, कारण आम्ही जन्मभर केलं ते वर्कशॉप इम्प्रूव्हमेंटच. जॉब पकडायचं फिक्स्चर बदललं, क्लॅम्प उलटा लावला, जॉब निम्म्या वेळात सुटायला लागला, बोटं वाचली. आजच्या कायद्यातही कलम ३(फ) आहे, माहीत असलेले पार्ट नुसते वेगळ्या तऱ्हेने मांडले आणि प्रत्येक पार्ट आपापलं जुनंच काम करत असेल तर तो शोध धरत नाहीत. कांदा ग्रेडरवाल्याने वेळेत अर्ज केला असता तरी हे कलम समोर आलंच असतं. मग त्याला सांगावं लागलं असतं की लिंक, पिनांची जागा आणि फट ह्या तिन्ही मिळून असं काही करतात जे सुटे सुटे करत नाहीत. ‘कांदा प्रतवारी यंत्र’ एवढाच क्लेम लिहिला की गेला. क्लेम लिहिणं हे ड्रॉइंगवर टॉलरन्स (माप किती कमीजास्त चालेल ते) टाकण्यासारखं आहे, सैल सोडला तर जुन्या मशीनला जाऊन भिडतो आणि फार आवळला तर शेजारचा एक पिन हलवून सुटतो.

जर्मनीत ह्यावर उपाय १८९१ पासून आहे, छोटं पेटंट म्हणा, युटिलिटी मॉडेल. जास्तीत जास्त दहा वर्षं, आधी तपासणी नाही, लवकर नोंद, भांडण झालं तर मग तपासा. आणि शोधकाने स्वतःच सहा महिन्यांपूर्वीपर्यंत दाखवलं-छापलं असेल तर ते त्याच्या विरोधात धरत नाहीत, म्हणजे आमचा ग्रेडरवाला तिथे वाचला असता. चीनमध्येही दहा वर्षांचं आहे. आपल्याकडे २०११ ला केंद्राच्या उद्योग खात्याने ह्यावर चर्चापत्र काढलं होतं, चर्चा झाली, कायदा काही आला नाही. माझं मत विचाराल तर यावा, यंत्रांपुरता तरी यावा. पण भीती पण वाटते, चीनमध्ये अशा अर्जांचा पूर आला आणि त्यात कचरा किती ह्याच्या कहाण्या आहेत, आणि आपल्याकडे आला तर गाळेवाल्याच्या आधी लाइनीत कोण उभं राहील हे वर लिहिलंच आहे, सात-आठ नावांसकट. म्हणून पॉइंटांचा हिशोब फक्त मंजूर झालेल्या पेटंटवर आणि ते कुणी वापरलं तर, असा आधी करा, मग छोटं पेटंट आणा.

पैशाचंही लिहितो कारण लोक घाबरतात ते आकड्यालाच. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये, तपासणीची ४०००, पुढे तिसऱ्या वर्षापासून रिन्युअल, ते सुरुवातीला वर्षाला ८०० आणि मग वाढत जातं. एजंट किंवा वकिलाची फी ह्याच्या कितीतरी पट, ते खरं. पण प्रोव्हिजनल अर्ज नावाची सोय आहे, शोध पुरता पक्का झाला नसला तरी वर्णन आणि ड्रॉइंग देऊन तारीख पकडायची, आणि बारा महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा. त्या बारा महिन्यांत प्रदर्शन करा, बातमी द्या, गिऱ्हाईक बघा, चालतंय का ते कळेल, नाही चाललं तर पुढचा खर्च वाचला. फक्त वर्णन तुटक देऊ नका, जे लिहिलंच नाही त्याला ती तारीख लागू होत नाही. अँटॉप हिलला आपलं पेटंट ऑफिस आहे, महाराष्ट्र-गोव्याचं काम तिथलंच, पण अर्जासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत आता.

आणि पेटंट म्हणजे पैसा असंही नाही हो. मुंबईत १८६७ ला जन्मलेले शंकर आबाजी भिसे, छपाईचे टाइप ओतायचं मशीन केलं, ‘भिसोटाइप’, दादाभाई नवरोजींनी लंडनला मदत केली, सर रतन टाटांनी (जमशेटजींच्या मुलाने, अलीकडच्या रतन टाटांनी नव्हे) भांडवल घातलं, पेटंटं होती, तरी मशीन बाजारात उभं करताना भिसे थकले, शेवटी अमेरिकेत गेले आणि १९३५ ला न्यूयॉर्कला वारले. मराठी माणूस त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हणतो आणि पुढचं विसरतो.

असो, लांबलं. मागणं एवढंच आहे. आपल्या वार्ताहरांना सांगा की कुणी पेटंट मिळालं म्हटलं की अर्जाचा नंबर मागा, पेटंट ऑफिसच्या साइटवर तो फुकट टाकून बघता येतो, अर्ज केलाय, प्रकाशित झालाय, की मंजूर झालाय ते तिथल्या तिथे दिसतं, डिझाइन असेल तर डिझाइन लिहा. आणि खेड्यातल्या पोराने यंत्र बनवलं असेल तर आधी त्यालाच विचारा, अर्ज टाकलास का? नसेल टाकला तर बातमी पंधरा दिवस थांबवा, थांबवायची नसेल तर यंत्र बाहेरून छापा, त्याचं कौतुक करा, चार कॉलम द्या, पण आतल्या लिंकेजचा फोटो आणि ‘हे असं चालतं’ वाला चौकोन तेवढा नको.

पत्र कापावं लागेल हे माहीत आहे. भिसेंचा पॅरा कापला तरी चालेल, जर्मनीचाही कापा, फीचे आकडे आणि प्रोव्हिजनलचं मात्र ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, भोसरी, पुणे